पंपाचा स्क्रू आणि पांदणीचा चिखल

मृग बरसला की वऱ्हाडात एक प्रश्न दरसाल उभा राहतो. वावरात खत-बियाणे न्यायचे कसे? बंडी पांदणीत आसापर्यंत रुतते, ट्रॅक्टर आपल्याच चाकांनी खड्डा करून त्यात बसतो, आणि मग ज्याच्या घरी जुनी डिझेल जीप आहे त्याच्या दारात अर्धे गाव येऊन उभे राहते. जीप फोर-व्हील, म्हणून सगळ्यांना आशा. जीप निघते, चिखलात शिरते आणि मधल्या नाल्याजवळ घरघरून बंद पडते. मग सर्वांचे एकमत होते की गाडीत ताकद राहिली नाही. गाडी तालुक्याच्या मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, पंप थोडा वाढवून देतो. मंग पाहा कशी पयते ते." दहा मिनिटांचे काम. गाडी मागे काळाकुट्ट धूर सोडत निघते आणि मालक खुश होऊन घरी येतो.

कापसाच्या भावाचे, आयातीचे, कर्जाचे एवढे प्रश्न असताना अग्रलेख इंजिनावर कशासाठी, असे काही कार्यकर्ते विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. भाव पाडून शेतकऱ्याला लुटतात ते आपल्याला दिसते. पण लुटीतून वाचलेला पैसा घरातून ज्या बारीक भोकांतून गळतो, तिकडे आपण पाहत नाही. जुनी जीप हे असेच एक भोक आहे. नवी घ्यायची ऐपत नाही आणि जुनीला विकत घेणारा नाही, म्हणून तिच्यातूनच ताकद काढायची, आणि ताकद काढता काढता इंजिन खलास करायचे. जिल्ह्यात किती जीपा अशा बसल्या ते प्रत्येकाने आपापल्या गावात मोजून पाहावे.

आधी पंप वाढवणे म्हणजे काय ते समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर हवा कमी-जास्त करतो. आपल्या जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते. पिस्टन खाली गेला की जेवढी मावेल तेवढी हवा आत येते. कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचे याची मर्यादा कारखान्याने पंपावर एका स्क्रूने बांधलेली असते आणि त्यावर सील मारलेले असते. मिस्त्री ते सील तोडतो आणि स्क्रू फिरवतो. डिझेल वाढले, हवा मात्र तेवढीच राहिली.

आता हिशेब करा. एक लिटर डिझेल पुरते जळायला दहा हजार लिटरहून जास्त हवा लागते. २५२३ सीसीचे जीपचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या फिरते तेव्हा मिनिटाला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा ओढते, म्हणजे डिझेलच्या २०० लिटरच्या सतरा-अठरा टाक्या भरतील एवढी. त्यापेक्षा जास्त हवा ते ओढूच शकत नाही. कारखान्याच्या मापात थोडी हवा शिल्लक ठेवलेली असते, म्हणून स्क्रू जरासा फिरवला की ताकद खरोखर वाढते. हे आम्ही नाकारत नाही. पण ती शिल्लक फार थोडी. ती संपली की पुढचे सगळे डिझेल धूर होऊन बाहेर जाते. तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले आपलेच डिझेल, लिटरला नव्वदीच्या आसपास भाव मोजून घेतलेले.

धुरातून जातात ते नुसते पैसे. खरा घात उष्णतेने होतो. जास्तीचे डिझेल उशिरापर्यंत जळत राहते, पिस्टनचे डोके आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खालच्या तेलात उतरते. आपल्याकडे अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. २५ अंशांच्या हवेच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे सोळाव्या भागाने विरळ असते. चिखलदऱ्याला चढलात तर तिथे अकोल्यापेक्षा हवेचा दाब जवळजवळ दहाव्या भागाने कमी. म्हणजे हिवाळ्यात सकाळी मिस्त्रीच्या दारात बेताचा वाटलेला पंप मे महिन्याच्या दुपारी भरल्या गाडीला जाचक होतो. गाडी तीच, स्क्रू तोच, हवा मात्र ती नाही.

आमच्या मंडळींच्या प्रचाराच्या जीपचेच सांगतो. मेळाव्याचे दिवस होते, जीपला ट्रेलर लावून सामान न्यायचे होते, म्हणून पंप वाढवून घेतला. आठ दिवस गाडी अशी पळाली की ज्याला त्याला स्टेअरिंगवर बसायचे होते. नवव्या-दहाव्या दिवशी मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर भर दुपारी तिने वाफ सोडली. हेड गॅस्केट गेले होते, तेलात पाणी मिसळून त्याचा चहा झाला होता, आणि हेड उतरवले तर त्याला चीर. पैसा लोकवर्गणीचा. दोष आम्ही मिस्त्रीला देत नाही. ताकद मागितली आम्ही, आणि तापमानाच्या काट्याकडे पाहायला मात्र कोणीच तयार नव्हते. तो काटा तसाही चार वर्षे बंदच होता.

मग जुन्या इंजिनातून ताकद मिळवायचीच नाही काय? मिळवायची. पण इंजिनात मुळात होती आणि आता हरवली, ती आधी परत आणायची. वीस-पंचवीस वर्षांच्या जीपमध्ये कारखान्याने दिलेली ताकद पूर्ण उरलेली असते असे समजणे चूक आहे. ती कुठेकुठे गळाली ते शोधले तर बहुतेकांना स्क्रूला हात लावायची गरजच पडणार नाही.

पहिली जागा हवेची. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. वखरणीच्या दिवसांत एका फेरीत एअर क्लीनर भरतो. ज्यांच्या गाडीला तेलाच्या वाटीचा जुना क्लीनर आहे त्यांनी वाटी उघडून पाहावी. तळाशी दोन बोटे चिखल बसलेला असतो आणि त्यावर तेलाची नुसती साय. चिखल काढा, जाळी डिझेलने धुवा, खुणेपर्यंत ताजे तेल घाला. खुणेच्या वर नको, कारण इंजिन ते तेल ओढून घेते. कागदी फिल्टर असेल तर तो आपटून आपटून वर्षानुवर्षे वापरू नका. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी चिरलेली असेल तर सगळा क्लीनर फुकट. धूळ त्या चिरेतून सरळ आत जाते आणि रिंगा खाते. पंप वाढवूनही ज्याची गाडी ओढत नाही आणि धूर मात्र ढगासारखा निघतो, त्याने सर्वात आधी ही नळी आणि ही वाटी पाहावी.

दुसरी जागा नोझलची. कापसावर फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पंपाची नोझल झिजली की धुक्यासारखा फवारा पडण्याऐवजी थेंब गळतात, औषध जास्त लागते आणि कीड मरत नाही. इंजिनाच्या नोझलचे अगदी तेच. धार पडली की डिझेल हवेत मिसळत नाही, इंजिन खडखडते, धूर येतो, ताकद जाते. नोझल काढून तपासणीच्या हातपंपावर दाब आणि फवारा पाहून घ्यावा, चारही सारखे आहेत का ते पाहावे. हे काम डिझेल पंपाच्या दुकानात होते, झाडाखालच्या मिस्त्रीकडे नाही. पंप उतरवायचाच असेल तर तो बेंचवर लावून चारही तोंडांतून सारखे डिझेल पडते का ते मोजून घ्या. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. कानाने ऐकून स्क्रू फिरवणे हे कॅलिब्रेशन नव्हे. डिझेलचे फिल्टर वेळेवर बदलणे आणि टाकीतले पाणी काढणे हे तर घरचेच काम आहे. आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळायची जुनी खोड कोणाला उरली असेल तर त्याने ती सोडावी. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते, रॉकेलने ते कोरडे पडतात.

टॅपेटची फट आणि पंपाचे टायमिंग ही तिसरी जागा. व्हॉल्व्ह पुरता उघडला नाही तर हवा कमी, पुरता बसला नाही तर दाब कमी. एवढे सगळे करूनही ब्रीदरमधून भकाभका धूर येत असेल, तेल पीत असेल, तर रिंगा-लायनर गेले आहेत. तिथे इंजिनाचे काम काढल्याशिवाय इलाज नाही, आणि अशा इंजिनाचा पंप वाढवणे म्हणजे थकल्या बैलाला तुतारी टोचणे.

आणखी एक गंमत. पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच. गाडी सपाट जागी न्यूट्रलवर ठेवून दोघांनी ढकलून पाहा. सरकली नाही तर ब्रेक धरतो आहे. इंजिन गर्जते आणि गाडी जागची हलत नाही, तर क्लच घसरतो आहे. आणि पोरांनी हौसेने मोठाली टायरे चढवली असतील तर त्यांना सांगा, टायरची उंची दहा टक्के वाढली की चाकावरची ओढ नऊ टक्के कमी झाली. ती भरून काढायला मग पंपाचा स्क्रू फिरवायचा!

खारपाणपट्ट्यातल्या भावांना आमचे वेगळे सांगणे आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत आपल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट. तेच पाणी आपण डबड्याने रेडिएटरमध्ये ओततो. पाणी आटते, क्षार मागे राहतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडरच्या भोवती त्याचा थर चढतो आणि उष्णता पाण्यात उतरेनाशी होते. वरून पाणी भरलेले दिसते, आत इंजिन भाजत असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही ते पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. घरच्या मायबहिणींना विचारा, कोणते पाणी चालेल ते त्या मिस्त्रीपेक्षा आधी सांगतील. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम, त्यात कूलंट घातले तर गंजही थांबतो. आणि तो तापमानाचा काटा आधी चालू करून घ्या.

आता चिखलाकडे येऊ, कारण मूळ दुखणे ते होते. चिखलातून निघायला अश्वशक्ती लागते हाच मुळात गैरसमज आहे. चिखलातून निघायला चाकावर ओढ लागते, आणि ती सावकाश लागते. जीपला मोठ्या गिअरच्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या कशासाठी दिल्या आहेत? एक पुढची चाके जोडते, दुसरी लो गिअर टाकते. जुन्या जीपच्या या पेटीत लो गिअरचे प्रमाण २.४६ आहे. म्हणजे दुसऱ्या दांडीने चाकावरची ओढ जवळजवळ अडीच पट होते, एक थेंब जास्तीचे डिझेल न जाळता. कोणता मिस्त्री पंप वाढवून अडीच पट ताकद देणार आहे? तरी पाहावे तर दहापैकी निम्म्या जीपांच्या या दांड्या गंजून बसलेल्या. काहींनी काळी-पिवळी करून सवारी वाहताना पुढचा शाफ्टच काढून विकला. नावाची फोर-व्हील, चालते दोन चाकांवर.

ज्यांचे सगळे शाबूत आहे त्यांनी चिखलात शिरण्याआधी पुढची चाके जोडावीत, लो टाकावा, टायरमधली हवा थोडी कमी करावी आणि एकाच बेताने, मध्ये गिअर न बदलता निघून जावे. रुतल्यावर दांड्या ओढण्यात अर्थ नाही. डांबरी लागली की पुढची चाके सोडा आणि हवा भरा. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, तो पीळ गिअरपेटीवर येतो.

तुमच्या बोनेटखाली कोणते इंजिन आहे तेही ओळखा. पूजो जातीचे २११२ सीसीचे इंजिन वरच्या फेऱ्यांत ताकद देते, त्याला चिखलात थोडे फिरते ठेवावे लागते, आणि सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय ते उठत नाही. डीआय इंजिन कमी फेऱ्यांत ओढते, त्याला उगाच रेटू नये. आणि डीआय इंजिनाची कुळी ऐकण्यासारखी आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा बी-२७५ आपल्या बापजाद्यांनी चालवला. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा बोअर ३ इंच ३ सूत, स्ट्रोक ४ इंच. जीपच्या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक तोच ४ इंच. एक सूत बोअर वाढला, बस्स! जीपच्या पोटात ट्रॅक्टरचे काळीज आहे. ट्रॅक्टर जसा सावकाश ओढतो तशी ही जीप चालवली तर ती दगा देत नाही.

टर्बो बसवून देतो म्हणणारे कारागीर आता तालुक्यालाही भेटतात. टर्बोचा विचार स्क्रूपेक्षा शहाणा आहे, कारण तो आधी हवा वाढवतो. पण कारखान्याने याच २५२३ सीसीच्या मापाच्या इंजिनावर टर्बो चढवून बोलेरो रस्त्यावर आणली तेव्हा सुमारे ६३ अश्वशक्तीवर हात आवरता घेतला. शंभरच्या बाता करणाऱ्याला एवढेच विचारा की पिस्टन, हेड, तेलाचा पुरवठा आणि रेडिएटर यांचे काय करणार. रिंगा गेलेल्या इंजिनावर टर्बो म्हणजे पडक्या माडीवर दुसरा मजला. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही. दुसरे इंजिन टाकायचे तर परवानगी आणि नोंद लागते, नाहीतर अपघातात विमावाले हात वर करतात. जुन्या डिझेल गाडीच्या धुराची तपासणीतली मर्यादा ६५ हार्ट्रिज आहे. पंप वाढवलेली जीप तिथे कशी पास होते ते सर्वांना माहीत आहे. आम्ही त्यावर लिहीत नाही.

पण आमच्या घरी इतकी जुनी इंजिने का, हा प्रश्न सोडून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला कारखान्यातूनच टर्बो लावलेला ॲलिस-चाल्मर्स ट्रॅक्टर १९६१ साली मिळाला. आपल्याला महायुद्धाच्या साच्यातली विलीज जीप आणि पन्नासच्या दशकातले इंजिन पुढची तीस-चाळीस वर्षे नवे म्हणून विकले गेले, कारण देशी कारखानदाराला बाहेरची स्पर्धा नको होती आणि सरकारने दारे लावून घेतली होती. आणि कापसाचे काय? १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती, आपला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा. ५ मार्च २०१२ रोजी भाव जरा बरा दिसताच कापसाची निर्यात बंद केली. आणि २०२५ साली १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत, ऐन आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत, आयातीवरचा ११ टक्के कर माफ केला. कारखानदाराच्या मालाला आयातबंदीचे कुंपण, शेतकऱ्याच्या मालाला निर्यातबंदीचे. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव कागदावर होता. त्या कागदावर नवी गाडी येत नाही. म्हणून जुनी जीप, आणि तिच्या पुनर्नोंदणीसाठी १ एप्रिल २०२२ रोजी ६०० चे ५,००० रुपये केले गेले!

आणि ती जीप ज्या पांदणीत फसते ती पांदण कोणाची? शेतावर जायचा रस्ता नाही म्हणून फोर-व्हील लागते, फोर-व्हील ओढत नाही म्हणून पंप वाढतो, पंप वाढला म्हणून हेड फुटते. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेत-पांदण रस्ते करण्याचा निर्णय सरकारने २०२१ साली केला. कागदावर तो चांगला आहे. आपल्या गावात त्यातली किती पांदण मुरमाखाली आली, हे आमदाराला विचारण्याआधी आपण स्वतः मोजू. कित्येक ठिकाणी पांदणीचे अर्धे तोंड धुरा सरकवून आपल्यापैकीच कोणीतरी वखरलेले आहे, हेही त्या मोजणीत लपवायचे नाही.

जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या पांदणीची नोंद आणावी: नकाशावरची रुंदी किती, आज उरली किती, लांबी किती, आणि गाडी नेमकी कोणत्या नाल्याशी बसते. ही यादी ठरावाला जोडून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची आहे. जे जीप घेऊन येतील त्यांनी येताना एअर क्लीनरची वाटी न धुता आणावी. ती सगळ्यांसमोर उघडू.